मामांच्या गाडीतली तांबडी किटली

गुरुवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी, पिंप्राळ्याच्या चौकात, आकाश सपकाळेच्या डोळ्यांसमोर एक तांबडी किटली पेटली.

किटली म्हणजे चहाची. बारीक तोटी, मागे कान आणि तोटीतून गळणारा एक थेंब. स्टिअरिंगच्या मागे जिथे वेग दिसतो त्याच्या खाली ती उगवली आणि लुकलुकू लागली. गाडीला चहा हवा आहे असं आकाशला क्षणभर वाटलं, आणि त्यात त्याला काही वावगंही वाटलं नाही, कारण तो जिल्हा परिषदेच्या आवक-जावक विभागात नोकरीला होता आणि तिथे दहा वाजून बारा मिनिटांनी सगळ्यांनाच चहा हवा असतो. पण शेजारी त्याची बायको मृणाली बसली होती. तिला न वाचता काही मानायची सवय नाही. तिने कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचलं. किटली म्हणजे इंजिन ऑइलचा दाब कमी. गाडी ताबडतोब सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद करा, अन्यथा इंजिनाचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

'कायमचं' हा शब्द आकाशने तिला पुन्हा वाचायला लावला. तो सहा वर्षं कंत्राटी होता. कायम व्हायची वाट बघत असताना हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा आला, तो असा.

आकाशला घाम फुटला, आणि त्याला कारण होतं. गाडी त्याची नव्हती. ती त्याच्या सासऱ्यांची होती.

सासरे म्हणजे धुळ्याचे रविंद्र बिऱ्हाडे. एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. घराबाहेरून जाणाऱ्या बसचा आवाज ऐकून ते ताटावरून उठत आणि 'हिचा क्लच आठ दिवस काढणार नाही' असं सांगून परत जेवायला बसत. सातव्या दिवशी ती बस खरंच बंद पडे. आकाश त्यांना मामा म्हणे आणि त्यांच्यासमोर पाण्याचा पेलासुद्धा दोन हातांनी उचले. मामांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं, आणि उभ्या गाडीची बॅटरी मरते म्हणून त्यांनी ती महिन्याच्या बोलीवर जावयाकडे जळगावला दिली. दिली म्हणजे कशी, तर डेपोचा चार्ज द्यावा तशी. इंजिनावरच्या एकूण एक बोल्टावर पिवळ्या रंगाची बारीक टिकली होती. बोल्ट कोणी फिरवला तर टिकली तुटते आणि बोल्ट फिरवलेला कळतो, ही वर्कशॉपची पद्धत मामांनी टिकल्या मोजून दाखवत समजावली. नऊ वर्षांत हे इंजिन उघडलेलं नाही, असं ते म्हणाले. मृणालीच्या लग्नात त्यांनी मुलीबद्दलही इतकं सांगितलं नव्हतं. शेवटी त्यांनी एकच अट घातली. स्टिअरिंगला तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही.

आकाशने शब्द दिला. तो शब्द चार दिवस टिकला.

पाचव्या दिवशी गल्लीतल्या पंडित नानांनी बोदवडच्या स्टेशनावरून लेकीला आणायला गाडी मागितली. मग सुनंदाअक्कांच्या मुलाला, नवीनला, नरडाण्याच्या एमआयडीसीत मुलाखत निघाली. त्यानंतर वनाभाऊ पुतण्याला मुलगी दाखवायला पहूरला गेले, आणि बसने गेलं तर मुलीकडचे काय म्हणतील हा प्रश्न त्यांनी आकाशलाच विचारला. आकाशला नाही म्हणता येत नसे. त्याने एकदा आरशासमोर उभं राहून सराव करून पाहिला होता, पण आरशातल्या माणसाचा चेहरा इतका पडला की त्याने लगेच हो म्हणून टाकलं.

आता गुरुवार होता. रविवारी गाडी धुळ्याला परत करायची होती. इंजिन बसलं तर मामा पहिला प्रश्न विचारणार, गाडी कोणी चालवली. आणि त्या प्रश्नापर्यंत आकाश जिवंत राहणार नव्हता.

गाडी ढकलत गल्लीत आणली. पुस्तकात लिहिलं होतं की ऑइलची पट्टी बाहेर काढून पुसावी, परत घालावी, काढावी, आणि तेलाची रेघ दोन ठिपक्यांच्या मध्ये आहे का बघावी. आकाशने हे चष्मा पुसून, पट्टी पुसून, मग परत चष्मा पुसून केलं. दोन ठिपक्यांच्या मध्ये रेघ नव्हती. उन्हात धरून पाहिली, सावलीत धरून पाहिली. रेघ नाही. म्हणजे तेल संपलं. सासऱ्यांचं इंजिन कोरडं ठणठणीत चाललं होतं, आणि तोपर्यंत तो आत बसून गाणी ऐकत होता.

उघडं बॉनेट म्हणजे गल्लीला आमंत्रणच. पाच मिनिटांत मंडळी जमली.

पंडित नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, त्यामुळे कशाचाही दाब कमी झाला की आपलं मत घ्यावं असं त्यांना वाटे. त्यांनी स्वतःच्या लो बीपीचा इतिहास सांगितला. लिंबू, मीठ, साखर. इंजिनात ते घालता येणार नाही हे त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं, पण तत्त्व तेच म्हणाले. वनाभाऊंची पहूरला विहीर. त्यांच्या मते ही सगळी फूटव्हॉल्व्हची भानगड होती. खाली जाळी कचऱ्याने भरली की मोटर नुसती ओरडते, पाणी वर येत नाही. त्यांनी इंजिनाखाली वाकून विहीर शोधली. सुनंदाअक्का मात्र लांब उभ्या राहून मान हलवत होत्या. त्यांच्या दिराचाही दाब असाच कमी झाला होता. चांगला बसलेला होता, चहा घेत होता, आणि कप खाली ठेवला तो ठेवलाच. कप कोणत्या हातात होता हेही त्यांनी सांगितलं. आकाशने गाडीच्या टपावर हात ठेवला. टप गरम होता. त्याला जरा धीर आला.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक घडली. आकाशने तेल संपलंय असं सांगितलं, तेव्हा तिघंही एकदम म्हणाले की तेल संपणं शक्यच नाही. नानांनी तर पैज लावली. का शक्य नाही, असं आकाशने विचारल्यावर मात्र नाना आभाळाकडे बघू लागले, वनाभाऊ विहिरीकडे, आणि अक्कांना घरात दूध ठेवल्याचं आठवलं. पुस्तक एकीकडे आणि गल्ली दुसरीकडे, अशा वेळी सरकारी माणूस पुस्तकावर जातो. आकाशने दुकानातून एक लिटरचा डबा आणला आणि पूर्ण डबा इंजिनात ओतला.

गाडी सुरू केली. किटली आता लुकलुकत नव्हती. ठाम पेटलेली होती.

शुक्रवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथे काचेपलीकडे हेमलता नावाचा बिल्ला लावलेली बाई बसली होती. तिने हसून गाडीचा नंबर विचारला, हसून तो कॉम्प्युटरात घातला आणि हसून सांगितलं की जॉब कार्ड उघडायला मालकाच्या मोबाईलवर ओटीपी गेला आहे, तो सांगा.

 मालकाचा मोबाईल धुळ्याला देवपुरात होता. मामांना अजून बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून आलेला प्रत्येक मेसेज सासूबाई, द्रौपदाबाई, मोठ्याने वाचून दाखवत. लॉटरीचासुद्धा. आकाशने घाईने ते रद्द करायला सांगितलं. मग त्याने विचारलं की मोबाईल नंबर बदलता येईल का. येईल, त्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी जाईल. मग नुसतं बाहेरून बघता येईल का. बघायलाही जॉब कार्ड लागतं. मग तो निघाला, तर फाटकावर गेटपास लागत होता, आणि जॉब कार्ड बंद झाल्याशिवाय गेटपास निघत नव्हता, आणि उघडलंच नाही ते बंद कसं करणार. गाडी कागदोपत्री आत आलेलीच नव्हती, त्यामुळे तिला बाहेर जाता येत नव्हतं.

इथे मात्र आकाश आपल्या घरच्या मैदानावर होता. त्याने कोरा कागद मागितला, समास सोडला आणि लिहिलं, 'विषय : चुकून आत आलेली गाडी बाहेर सोडणेबाबत.' खाली उपरोक्त विषयान्वये सविनय दोन परिच्छेद. आवक नंबर घ्यायला तो विसरला नाही. दोन दिवसांत हेच एक काम त्याच्या हातून नीट झालं, पण ते बघायला गल्लीतलं कोणी नव्हतं.

धुळ्याहून फोन आला तेव्हा तो फाटकाबाहेर उभा होता. सासूबाई म्हणाल्या की कसला तरी ओटीपी आला होता, मी वाचून दाखवला, तुमचे मामा म्हणाले फसवणारे लोक आहेत, कोणालाही नंबर सांगायचा नाही. आकाश म्हणाला, हो, अजिबात सांगू नका.

तिथून तो अजिंठा चौफुलीजवळ बबलूच्या गॅरेजात गेला. बबलू ओटीपी मागत नसे. त्याने एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. दवाखान्यात आतून बाहेर येणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडाकडे नातेवाईक जसे बघतात, तसा आकाश बघत होता. बबलूने डोळे उघडले आणि विचारलं, ऑइल बघितलं का. आकाशने काहीशा अभिमानाने सांगितलं की कालच भरलं, स्वतःच्या हाताने. झालं, मग पट्टी काढून बघायचं कोणाला काही कारणच राहिलं नाही.

बबलूने आधी दिव्याचा सेन्सर बदलला. किटली हटली नाही. मग त्याने सेन्सरच्या जागी नळी बसवून दाब मोजायचं घड्याळ लावलं. काटा थोडा वर गेला, थरथरला, खाली आला, पुन्हा थरथरला. त्या काट्याची आणि आकाशची थरथर एकाच तालात चालली होती.

"खोलावं लागेल साहेब," बबलू म्हणाला. "पंप गेला असंल, नाही तर बेअरिंगं. आतलं आत गेल्याशिवाय कळत नाही."

आकाशने त्याला पिवळ्या टिकल्या दाखवल्या आणि त्यांचा अर्थ सांगितला. बबलूला त्यात काही अडचण वाटली नाही. हळद आणि फेविकॉल कालवून अशी टिकली लावून देतो की लावणारा स्वतः फसेल, असं तो म्हणाला. क्षणभर आकाशचं मन डळमळलं. मग त्याला मामा दिसले. टिकलीवर बोट फिरवणारे, बोट नाकाशी नेणारे आणि शांतपणे 'हळद' म्हणणारे. त्याने इंजिन उघडायला नकार दिला. हा त्याच्या आयुष्यातला पहिला नकार होता, आणि तोही भीतीपोटीच निघाला होता.

जाताना बबलूने दया येऊन एक गोष्ट सांगितली. इंजिन मंद झालं की काटा पडतो. रेस दिलेली असली की जरा तरी उभा राहतो. तेव्हा धुळ्यापर्यंत न्यायचीच असेल तर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही. गाडी उभी राहिली तरी रेस सोडायची नाही.

शनिवारी मृणालीने दोनदा सुचवलं की पप्पांना फोन करून खरं सांगून टाकू. आकाश म्हणाला, उद्या भेटणारच आहोत. तिसऱ्यांदा तिने फक्त त्याच्याकडे बघितलं. चार वर्षांच्या संसारात त्या बघण्याचा अर्थ आकाशला पुरता कळत होता, पण तो न कळल्यासारखा राहिला.

रविवारी सकाळी आठला निघाले. जळगाव ते धुळे नव्वद किलोमीटर. आकाश एरवी इतका हळू चालवी की सायकलवाले त्याच्याशी बोलत बोलत बरोबरीने जात. हॉर्नसुद्धा तो विनंती केल्यासारखा वाजवी. आज त्याच माणसाची गाडी पाळधीच्या चौकात उभ्या उभ्या डरकाळ्या फोडत होती. पुढे एक कापसाची ट्रॉली रस्ता ओलांडत होती, पायाखाली रेस दाबलेली होती आणि गाडी गुरगुरत होती. ट्रॉलीवाल्याने मागे वळून बघितलं. आकाशने दोन्ही हात जोडले. हात जोडून डरकाळ्या फोडणारा माणूस त्याने आधी पाहिला नसावा. त्याने घाईघाईत ट्रॅक्टर खड्ड्यातून काढला.

टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जाईना. माणूस यंत्र घेऊन आला, काचेवर धरलं, झटकलं, परत धरलं. तोवर गाडी अशी ओरडत होती की बाजूच्या रांगेतले लोक उतरून बघायला आले. एकाने आकाशला 'भाऊ, कुठले पुढारी?' असं विचारलं. आकाशने मान खाली घातली, त्यावरून त्याने पुढारी मोठा असल्याचं ओळखलं आणि बाकीच्यांना मागे सारलं. दांडा वर गेला. आरशात बघितलं तर मागे निळसर धूर. मृणाली म्हणाली, आपलाच आहे. आकाश म्हणाला, धुकं असेल. डोक्यावर ऊन तापत होतं.

एरंडोलला एक म्हातारे आबा हातात पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला आले, मध्यावर थांबले आणि गाडीकडे बघत राहिले. आकाश थांबला होता. इंजिन थांबलं नव्हतं. आबा सावकाश खिडकीशी आले, आत वाकले, आकाशचा पांढराफटक चेहरा बघितला आणि त्यांचा राग कुठच्या कुठे गेला.

"इतली घाई कसानी शे रे भो?" ते मायेने म्हणाले. "बठ्ठं जग तठेच जाई ऱ्हायनं."

सगळं जग तिथेच तर चाललंय, एवढं समजावून ते पलीकडे गेले.  पारोळा येईपर्यंत आकाशला राहून राहून सुनंदाअक्कांच्या दिराचा कप दिसत होता.

मधल्या काळात किटली अनेक वेळा पेटली आणि विझली. पेटली की आकाशचा श्वास अडके. विझली की त्याला वाटे, दिवाच जळाला. पारोळ्यानंतर ती बराच वेळ दिसली नाही तेव्हा त्याला इतकी भीती वाटली की त्याने मृणालीला वाकून बघायला सांगितलं. तिने वाकून बघितलं आणि सांगितलं की घाबरण्याचं कारण नाही, पेटली.

देवपुरात शिरताना पावणेअकरा झाले होते. मामांचं फाटक अजून दोनशे पावलांवर होतं तेव्हाच त्याला ते दिसले. काळा चष्मा घालून फाटकाशी उभे होते. ते रस्त्याकडे बघत नव्हते. डोकं एका बाजूला कलवून ऐकत होते.

आकाशने गाडी फाटकात घातली, किल्ली फिरवली आणि 'जय भीम मामा' म्हटलं. नव्वद किलोमीटरनंतर पहिल्यांदाच शांतता झाली. मामांनी जय भीम केला. मग त्यांनी हवेचा वास घेतला, चष्मा वर सरकवला आणि बॉनेट उघडायला सांगितलं.

द्रौपदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. जावयाचा चेहरा बघून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पहिले जेवू द्या त्यास्ले, मंग इचारा."

मामांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी टिकल्यांवरून बोट फिरवलं. सगळ्या शाबूत होत्या. आकाशला इतकं बरं वाटलं की त्याने तिथल्या तिथे, न विचारता, किटली, सेन्सर, काटा सगळं भडाभडा सांगून टाकलं. सांगितलं नाही ते एकच. गाडी तिघांनी नेली होती.

मामांनी ऑइलची पट्टी ओढली. बराच वेळ तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी पट्टी आकाशच्या हातात दिली आणि रेघ कुठे आहे ते विचारलं. आकाशने ठिपक्यांच्या मध्ये बघितलं आणि रेघ नसल्याचं सांगितलं. मामांनी त्याची हनुवटी धरून चेहरा वर उचलला. रेघ ठिपक्यांच्या चार बोटं वर होती.

"तेल संपलेलं नाही," मामा म्हणाले. "इंजिन तेलात बुडायला आलंय."

त्यांनी मोठं घमेलं मागवलं, स्वतः गाडीखाली गेले, खालचा बोल्ट सोडला आणि तेल पडू दिलं. ते पडायचं थांबेना. नुसतं तेल नव्हतं, वर ताकासारखा फेस होता. गाडीखालून मामांचा आवाज येत होता. तेल जास्त झालं की क्रँक त्यात बुडतो आणि रवीसारखा घुसळतो. घुसळलं की फेस होतो. पंपाने फेस ओढला की दाब कुठून येणार, फेसाला कुठे अंग असतं. पंप चांगला, बेअरिंग चांगलं. फक्त इंजिनाचं ताक झालंय. मग ते बाहेर आले आणि दुधाच्या लिटरच्या मापाने तेल मोजलं. साडेसात मापं.

"हिला साडेतीन लागतं," ते म्हणाले. "एक तुम्ही टाकलं. तीन लिटर कोणाचं?"

आकाशला खरोखरच माहीत नव्हतं. मामांनी घमेल्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि म्हणाले की एक ट्रॅक्टरचं आहे, एक मोटरसायकलचं, आणि एक चांगल्या कंपनीचं आहे पण जुन्या डब्यातलं. म्हणजे तीन माणसं. तीन वेगवेगळ्या सवयीची. बोलता बोलता त्यांचं डोकं कलू लागलं, मघाशी फाटकाशी कललं होतं तसं. आकाशला कळलं की इंजिन वाचलं आहे आणि आपण मेलो आहोत.

त्याने काही बोलायच्या आत मृणालीने पंडित नानांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. नाना आधी अळमटळम करू लागले. मग म्हणाले, आता विचारलंच आहे तर सांगतो, पण आकाशला सांगू नको, त्याला संकोच वाटेल. बोदवडहून येताना मी एक लिटर ऑइल टाकलं. पेट्रोल भरून दिलं तर भाडं दिल्यासारखं होतं, ते बरं दिसत नाही. आणि गाडी तशीच कशी परत करायची.

"शेजारच्याची वाटी रिकामी परत देत नाहीत, पोरी," नाना म्हणाले.

अक्कांच्या सांगण्यावरून नवीननेही टाकलं होतं, आणि वनाभाऊंनीही. एकमेकांना ठाऊक नव्हतं, कारण केलेलं बोलून दाखवायचं नसतं. तेल संपणं शक्य नाही, असं तिघं एकदम का म्हणाले आणि मग तिघांनी इकडे तिकडे का बघितलं, ते आकाशला आता कळलं. तीन भल्या माणसांनी आपल्या संस्कारांनी मिळून त्याचं इंजिन बुडवलं होतं.

फोन बंद झाला.  मामा हात पुसत होते. एकेक बोट, मग नखं.

"म्हणजे तिघांनी चालवली," ते म्हणाले.

"हो मामा."

"का दिली?"

बाहेरून एक बस गेली आणि मामांनी तिच्याकडे लक्षही दिलं नाही. आकाशला सबबी सुचत होत्या, पण त्या सगळ्या मांडायला समास सोडलेला एक कोरा कागद लागला असता आणि तो आत्ता जवळ नव्हता.

"नाही म्हणायची भीती वाटते," तो म्हणाला.

 मामांनी घरातून नवा डबा आणि फिल्टर आणला, साडेतीन लिटर मोजून तेल भरलं, खालच्या बोल्टावर नवी पिवळी टिकली लावली आणि आकाशला गाडी सुरू करायला सांगितलं. किल्ली फिरवताना आकाशने डोळे मिटले होते. मृणालीने हात दाबला तेव्हा उघडले. किटली पेटली, आणि विझली. इंजिन मंद, एकसारखं चालत होतं. पायाखाली रेस नव्हती. मामांनी कान लावला, मान हलवली आणि मग जेवायला बसायला सांगितलं.

वांग्याचं भरीत होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. आकाश ताटात नुसती बोटं फिरवत होता. शिक्षा सुनावली गेली नव्हती, आणि शिक्षेपेक्षा तिची वाट बघणं वाईट. बसने परत जायचं हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. मामा निवांत जेवले, ताक प्यायले आणि सांगितलं की डॉक्टरांनी काल दुसरा डोळाही तपासला. त्यातही मोतीबिंदू आहे. ऑपरेशन येत्या आठवड्यात. आणखी दोन महिने स्टिअरिंग नाही.

मग त्यांनी किल्ली आकाशच्या ताटाशेजारी ठेवली.

आकाशने ती उचलली नाही. त्याला वाटलं ही परीक्षा आहे.

"चौतीस वर्षं ड्रायव्हर बघितले," मामा म्हणाले. "धीट ड्रायव्हर असता ना, तर दिव्यावर रुमाल टाकून आला असता, आणि इंजिन पाळधीलाच बसलं असतं. घाबरट माणसाची गाडी मला कधी ओढून आणावी लागली नाही. तुम्ही नव्वद किलोमीटर पाय उचलला नाही. गाडी तुमच्याकडेच राहील."

"आणि गल्लीत कोणी मागितली तर?" आकाशने विचारलं. विचारताना त्याचा आवाज बबलूच्या काट्यासारखा हलत होता.

मामांनी विचार केला. "तुम्ही त्यांना घाबरता म्हणून देता ना? मग आता त्यांच्यापेक्षा मला जास्त घाबरायचं."

द्रौपदाबाईंनी भरताचा डबा बांधून दिला. साडेतीनला निघाले. सासूबाई फाटकाशी उभ्या होत्या, मृणाली हात हलवत होती. मामा खिडकीपाशी वाकले. निघताना वडीलधारी माणसं 'सावकाश जा' म्हणतात, म्हणून आकाशने हो म्हणायची तयारी ठेवली होती.

"घाबरत जा," मामा म्हणाले.

ते आकाशला येत होतं. त्याने पाय हलकेच ॲक्सिलरेटरवर ठेवला आणि तसाच, घाबरत गेला.